विश्लेषण : पबमधला हौशी खेळाडू थेट जगज्जेत्यासमोर! डार्ट्सच्या ‘यूके ओपन’चे दार नेमके किती उघडे?

कांगा लीगमध्ये पावसात भिजत खेळणाऱ्या एखाद्या क्लबला चार सामने जिंकल्यावर थेट मुंबई इंडियन्सविरुद्ध खेळायला बोलावले तर? क्रिकेटमध्ये ही निव्वळ कल्पना आहे. डार्ट्समध्ये मात्र असे दर वर्षी घडते. इंग्लंडमधील ‘यूके ओपन’ या व्यावसायिक स्पर्धेत हौशी खेळाडूंसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी पबमध्ये डार्ट्स खेळणारा माणूस पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत उतरू शकतो आणि नशीब साथीला असेल तर जगज्जेत्यासमोर उभा राहू शकतो. पण आजवर एकाही हौशी पात्रताधारकाने ही स्पर्धा जिंकलेली नाही. मग या दाराचा उपयोग काय? ते खरोखर उघडे आहे की फक्त तसे दिसते?

यूके ओपन ही स्पर्धा काय आहे?

प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन म्हणजे ‘पीडीसी’ ही व्यावसायिक डार्ट्सची प्रमुख संस्था. तिने २००३ मध्ये यूके ओपन सुरू केली. पहिले विजेतेपद फिल टेलरने मिळवले. सुरुवातीची वर्षे ही स्पर्धा बोल्टन शहरातील फुटबॉल स्टेडियमच्या संकुलात होत असे. २०१४ पासून ती इंग्लंडच्या समरसेट परगण्यातील माइनहेड या समुद्रकिनारी गावातील ‘बटलिन्स’ या सुट्टीच्या रिसॉर्टमध्ये होते. अपवाद २०२१ चा. करोनामुळे त्या वर्षी ती मिल्टन कीन्स येथे प्रेक्षकांविना खेळवावी लागली.

मार्चच्या सुरुवातीला शुक्रवार ते रविवार अशा तीन दिवसांत सगळी स्पर्धा उरकते. एकाच वेळी अनेक बोर्डांवर सामने सुरू असतात. प्रेक्षक रिसॉर्टमध्येच मुक्काम करतात. त्यामुळे वातावरण क्रीडास्पर्धेपेक्षा जत्रेचे जास्त असते.

तिला डार्ट्सचा ‘एफए कप’ का म्हणतात?

इंग्लिश फुटबॉलमधील एफए कप १८७१ मध्ये सुरू झाला. गावपातळीवरचा छोटा क्लबही त्यात पहिल्या फेऱ्यांपासून खेळू शकतो आणि मोठे क्लब नंतर येऊन मिळतात. मानांकनाचे संरक्षण कोणालाच नसते. कोणाची गाठ कोणाशी पडणार हे चिठ्ठ्या ठरवतात.

यूके ओपनने हेच दोन नियम उचलले आहेत. एक, खालच्या क्रमांकाचे खेळाडू आधी खेळतात आणि वरचे नंतर येतात. दोन, चौथ्या फेरीपासून प्रत्येक फेरीआधी नव्याने चिठ्ठ्या काढल्या जातात. टेनिसमध्ये पहिला आणि दुसरा मानांकित शक्यतो अंतिम फेरीतच भेटतील, अशी ड्रॉची रचना असते. इथे जगातील पहिले दोन खेळाडू चौथ्या फेरीतच एकमेकांना बाहेर काढू शकतात. बाकीच्यांसाठी त्याच क्षणी रस्ता थोडा मोकळा होतो.

कोण, कुठल्या फेरीपासून खेळतो?

२०१९ पासून स्पर्धेचा साचा साधारण असा आहे. एकूण खेळाडू १६०.

- पीडीसीचे ‘टूर कार्ड’ असलेले १२८ व्यावसायिक खेळाडू
- तरुणांच्या ‘डेव्हलपमेंट टूर’मधील ८
- दुसऱ्या फळीच्या ‘चॅलेंज टूर’मधील ८
- हौशी पात्रता फेरीतून आलेले १६

पहिल्या फेरीत कार्डधारकांपैकी ९७ ते १२८ क्रमांकाचे ३२ जण आणि कार्ड नसलेले ३२ जण उतरतात. दुसऱ्या फेरीत ६५ ते ९६, तिसऱ्या फेरीत ३३ ते ६४ आणि चौथ्या फेरीत जगातील पहिले ३२ येऊन मिळतात. म्हणजे पहिल्या ३२ मधल्या खेळाडूला विजेतेपदासाठी ६ सामने जिंकावे लागतात, तर हौशी खेळाडूला ९. त्यातही पहिल्या चार फेऱ्या एकट्या शुक्रवारीच होतात. सकाळी पहिला सामना खेळलेला हौशी खेळाडू जिंकत राहिला, तर रात्री चौथा सामना खेळतो. तेव्हा समोर असतो त्या दिवशी पहिल्यांदाच बोर्डासमोर आलेला ताजातवाना दिग्गज.

हौशी खेळाडू निवडतात कसे?

‘रायलीज’ ही ब्रिटनमधील स्नूकर आणि स्पोर्ट्स बारची साखळी. तिच्या वेगवेगळ्या शहरांतील बारमध्ये हौशींसाठी बाद पद्धतीने पात्रता स्पर्धा होतात. मुख्य अट एकच, खेळाडूकडे टूर कार्ड नसावे. पुरुष आणि महिला असे वेगळे गट नसतात.

ऐकायला हे सोपे वाटते. पण बाद पद्धतीचे गणित निर्दयी असते. समजा एका ठिकाणी १२८ जण आले. जिंकायला सलग ७ सामने जिंकावे लागतील. त्यात एकही वाईट अर्धा तास चालणार नाही. शिवाय ‘हौशी’ या शब्दाखाली सगळेच नवखे नसतात. कार्ड गमावलेले माजी व्यावसायिक आणि काउंटी संघांकडून खेळणारे मुरलेले खेळाडूही याच रांगेत उभे असतात. शेजारच्या बोर्डावर कोण आहे, हे चिठ्ठी निघेपर्यंत कळत नाही.

हौशी आणि व्यावसायिक यांच्यात फरक किती?

त्यासाठी खेळाचे मूळ गणित पाहावे लागेल. प्रत्येक ‘लेग’मध्ये दोन्ही खेळाडू ५०१ गुणांपासून सुरुवात करतात आणि मिळवलेले गुण त्यातून वजा होत जातात. एका पाळीत तीन बाण. बोर्डच्या मध्यबिंदूची उंची १.७३ मीटर, तर खेळाडू ज्या रेषेमागे उभा राहतो ती ‘ओकी’ बोर्डपासून २.३७ मीटरवर. २० क्रमांकाच्या पट्ट्यातील ‘ट्रेबल’ या छोट्या चौकटीत बाण लागला की ६० गुण. तिन्ही बाण तिथेच लागले तर १८०. तीन बाणांत यापेक्षा जास्त गुण मिळूच शकत नाहीत.

बोर्डवरील आकड्यांची मांडणी मुद्दाम खोडसाळ आहे. २० च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५. मोठ्या गुणांच्या मागे लागलेल्या खेळाडूचा नेम बोटभर सरकला की ६० ऐवजी १ किंवा ५ हाती येतात.

शेवटही सोपा नाही. शून्यावर नेमके पोहोचायचे आणि शेवटचा बाण ‘डबल’मध्येच मारायचा. डबल म्हणजे बोर्डच्या कडेचे अरुंद कडे, ज्याची रुंदी जेमतेम ८ मिलिमीटर आहे. मधला ‘बुल’सुद्धा ५० गुणांचा डबल मानला जातो.

आता आकडे मांडू. दर्जेदार व्यावसायिकाची तीन बाणांची सरासरी १०० असेल, तर ५०१ संपवायला त्याला साधारण १५ बाण लागतात. चांगल्या हौशी खेळाडूची सरासरी ८५ धरली, तर त्याला साधारण १८ लागतात. म्हणजे फरक फक्त एका पाळीचा. आणि डबल चुकणे हा मोठ्यांचाही रोजचा अनुभव आहे. साधारणपणे डबलवर मारलेल्या दहापैकी चारेक बाण लागले, तर व्यावसायिकाची कामगिरी चांगली मानतात. समोरच्याचे तीन बाण डबलवर वाया गेले की ती एका पाळीची आघाडी पुसली जाते.

डार्ट्समध्ये धक्कादायक निकाल का लागतात, याचे उत्तर या एका पाळीत आहे. टेनिसमध्ये प्रतिस्पर्धी तुमचा फटका परतवतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज तुम्हाला खेळूच देत नाही. डार्ट्समध्ये समोरचा तुमच्या बाणाला हात लावू शकत नाही. तो फक्त तुमच्या आधी शून्यावर पोहोचू शकतो.

मग धक्क्याची शक्यता किती?

एक सोपा हिशेब करू. समजा व्यावसायिक खेळाडू प्रत्येक लेग जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि हौशीची ४० टक्के. एकच लेग खेळवला तर हौशीला १०० पैकी ४० वेळा संधी. यूके ओपनच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ६ लेग आधी जिंकणारा पुढे जातो. या अंतरावर हौशीची शक्यता सुमारे २५ टक्क्यांवर येते. चौथ्या फेरीपासून १० लेगची शर्यत असते. तिथे तीच शक्यता सुमारे १९ टक्के उरते. प्रत्यक्षात चौथ्या फेरीतला प्रतिस्पर्धी आणखी तगडा असल्याने ती याहूनही खाली जाते.

सामना जितका लांब, तितका नशिबाचा वाटा कमी. याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सलग तीन सामने जिंकण्याची शक्यता १०० मध्ये दीड, म्हणजे जवळपास ६७ प्रयत्नांत एकदा. नऊ सामने सलग जिंकणे ही तर लॉटरीची गोष्ट. हौशी विजेता आजवर का झाला नाही, याचे कारण या आकड्यांतच आहे. पण त्याच आकड्यांत दुसरी गोष्टही आहे. चार सामन्यांत एखादा जिंकणे हा चमत्कार नव्हे. शुक्रवारी दुपारी माइनहेडमध्ये कुठल्या ना कुठल्या बोर्डवर एखादा हौशी खेळाडू कार्डधारकाला घरी पाठवतो, ते या हिशेबात बसणारेच आहे.

पैसे किती मिळतात?

२०२३ च्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम ६ लाख पौंड होती. विजेत्याला १ लाख १० हजार पौंड मिळाले. पौंड ढोबळमानाने १०० रुपये धरला, तर १ कोटी १० लाख रुपये.

तळाचे आकडे मात्र वेगळे बोलतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला काहीही मिळाले नाही. दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला १ हजार, तिसऱ्या फेरीत हरणाऱ्याला दीड हजार आणि चौथ्या फेरीत हरणाऱ्याला अडीच हजार पौंड. म्हणजे पात्रता फेरीत एकामागून एक सामने जिंकून, कामावरून रजा काढून, स्वतःच्या खर्चाने माइनहेडला पोहोचलेला हौशी खेळाडू पहिलाच सामना हरला, तर रिकाम्या खिशाने परततो. त्यामुळे पैशासाठी या वाटेने येणे हा व्यवहार नाही. लोक तरीही येतात, कारण इथे जी गोष्ट कळते ती दुसरीकडे कळत नाही. ती म्हणजे, आपण नक्की किती पाण्यात आहोत.

रॉब क्रॉसचे उदाहरण इतके महत्त्वाचे का?

या स्पर्धेचा खरा उपयोग समजून घ्यायचा तर इंग्लंडच्या रॉब क्रॉसकडे पाहावे लागते. क्रॉस व्यवसायाने इलेक्ट्रिशियन. २०१६ मध्ये तो हौशी पात्रता फेरी जिंकून यूके ओपनमध्ये आला. तिथे त्याची गाठ तेव्हाचा जगातील अव्वल खेळाडू मायकल व्हॅन गर्वेनशी पडली. क्रॉस हरला. व्हॅन गर्वेनने पुढे ती स्पर्धाही जिंकली.

कथा तिथे संपली असती, तर क्रॉसकडे आयुष्यभर सांगायला एक किस्सा उरला असता. पण त्याच वर्षी तो चॅलेंज टूरमध्ये उतरला आणि गुणतालिकेत अव्वल ठरला. त्या जोरावर त्याला २०१७ साठी टूर कार्ड मिळाले. वर्षअखेरीस तो जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच खेळला. उपांत्य फेरीत त्याने त्याच व्हॅन गर्वेनला ६-५ असे हरवले. १ जानेवारी २०१८ रोजी अंतिम सामन्यात समोर होता १६ वेळचा जगज्जेता फिल टेलर, कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळणारा. क्रॉसने ७-२ ने विजय मिळवला आणि ४ लाख पौंडांचे बक्षीस घेतले. हौशी पात्रता फेरी ते जगज्जेतेपद हा प्रवास दोन वर्षांच्या आत झाला. पुढे २०१९ मध्ये तो यूके ओपनच्याही अंतिम फेरीत पोहोचला. तिथे नेथन ॲस्पिनॉलने त्याला ११-५ ने हरवले.

माइनहेडमधून क्रॉस पराभव घेऊन परतला होता. पण अव्वल खेळाडूसमोर उभे राहिल्यावर आपला खेळ कुठे कमी पडतो, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. सगळ्यांनाच असे जमत नाही, हेही खरे. क्रॉस हा नियम नव्हे, अपवाद आहे. पण दार नसते, तर हा अपवादही घडला नसता.

पात्रता फेरीतून येऊन मोठी स्पर्धा कोणी जिंकली आहे का?

हो, पण ती यूके ओपन नव्हे आणि काळही वेगळा होता. १९८३ च्या जागतिक स्पर्धेत २३ वर्षांचा कीथ डेलर पात्रता फेरीतून आला. त्याने जॉन लो, जॉकी विल्सन आणि एरिक ब्रिस्टो या तेव्हाच्या तिन्ही दिग्गजांना ओळीने हरवले. अंतिम सामना ५-५ सेट असा बरोबरीत होता. निर्णायक क्षणी ब्रिस्टोला संपवण्यासाठी ५० हवे होते. बुलचा धोका पत्करण्याऐवजी त्याने गुण कमी करून सोयीचा डबल राखून ठेवला. समोर डेलरला १३८ हवे होते, जे तीन बाणांत सहसा होत नाहीत. डेलरने ट्रेबल २०, ट्रेबल १८ आणि डबल १२ असे तीन बाण मारले आणि ब्रिस्टोला पुढची पाळी मिळालीच नाही. पात्रता फेरीतून आलेला तो पहिला जगज्जेता.

यूके ओपनमध्येही नावाजलेले नसलेले विजेते झाले आहेत. २०२३ मध्ये जगातील पहिल्या ३२ मध्ये नसलेल्या ५२ वर्षांच्या अँड्र्यू गिल्डिंगने अंतिम सामन्यात व्हॅन गर्वेनला ११-१० असे हरवले. तो हौशी नव्हता, कार्डधारक होता. पण मानांकनाची भिंत नसेल तर काय होऊ शकते, याचे ते उत्तम उदाहरण. विशेष म्हणजे २०२२, २०२३ आणि २०२४ अशा सलग तीन वर्षांचे अंतिम सामने ११-१० असे शेवटच्या लेगपर्यंत गेले. २०२५ मध्ये मात्र १८ वर्षांच्या ल्यूक लिटलरने जेम्स वेडला ११-२ असे सहज नमवले.

दार अरुंद होत चालले आहे का?

मतभेदाचा मुद्दा हा आहे. २०१९ पूर्वी हौशी पात्रता फेरीतून ३२ जण येत. सर्व १२८ कार्डधारकांना प्रवेश देण्याचा निर्णय झाला तेव्हा हा आकडा १६ वर आला. उरलेल्या १६ जागा चॅलेंज टूर आणि डेव्हलपमेंट टूरकडे गेल्या.

कार्ड नसलेल्यांची एकूण संख्या ३२ च राहिली, त्यामुळे कागदावर फारसा बदल दिसत नाही. प्रत्यक्षात फरक आहे. चॅलेंज टूरसाठी वर्षभर वेगवेगळ्या शहरांत प्रवास करावा लागतो. प्रवेश शुल्क, हॉटेल आणि रजा यांचा हिशेब जमवावा लागतो. हप्ते फेडणाऱ्या, घरसंसार सांभाळणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. एका दिवसाची पात्रता फेरी त्याला परवडते. दर्जाच्या दृष्टीने पाहिले तर वर्षभर सिद्ध झालेला खेळाडू निवडणे योग्यच. पण ‘ओपन’ या शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर नव्याने वळवलेल्या १६ जागा आधीच अर्ध्या आत असलेल्यांनाच मिळाल्या.

कार्ड मिळवण्याचा दुसरा रस्ता कोणता?

टूर कार्ड दोन वर्षांसाठी असते. मुदत संपताना क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये असलेल्यांचे कार्ड टिकते. रिकाम्या जागांसाठी जानेवारीत ‘क्यू-स्कूल’ ही निवड स्पर्धा होते. वय १६ पूर्ण असलेला कोणत्याही देशाचा खेळाडू शुल्क भरून तिथे उतरू शकतो. चॅलेंज आणि डेव्हलपमेंट टूरच्या गुणतालिकेत वर राहिलेल्यांनाही कार्ड मिळते. म्हणजे भारतीय खेळाडूलाही नियमाने वाट खुली आहे. नितीन कुमारसारखा भारतीय खेळाडू लंडनच्या ॲलेक्झांड्रा पॅलेसमधील जागतिक स्पर्धेत खेळलाही आहे.

अडचण नियमांची नसून सरावाची आहे. ब्रिटनमध्ये डार्ट्स बोर्ड पबच्या भिंतीवर असतो, जसा आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत किंवा गणेश मंडळाच्या खोलीत कॅरम असतो. कॅरममध्ये महाराष्ट्राने मोठे खेळाडू दिले, कारण मंडळाच्या बोर्डवर रोज रात्री आपल्यापेक्षा सरस कोणीतरी समोर बसलेले असे. डार्ट्सचेही तसेच आहे. घरच्या भिंतीवर एकट्याने १८० मारता येतात. समोर माणूस उभा असताना, त्याला फक्त एक डबल हवा असताना ते मारता येतात का, हे घरी कळत नाही.

माइनहेडचे दार दर वर्षी १६ जणांसाठी उघडते. त्यातले बहुतेक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्पर्धेबाहेर असतात आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर होतात. त्यांच्यातला पुढचा क्रॉस कोण, हे त्या शुक्रवारी कोणालाच ओळखता येत नाही. २०१६ मध्येही आले नव्हते.